वकीलसाहेबांच्या गाडीची डावी बाजू

साठ सालाच्या आसपास यवतमाळात स्वतःची गाडी असलेले लोक मोजकेच होते, आणि त्यातल्या आम्हा चौघांना आपला एक क्लब आहे असं वाटायचं. क्लबला जागा नव्हती, वर्गणी नव्हती, अध्यक्ष नव्हता. रविवारी सकाळी दारव्हा रोडच्या पेट्रोल पंपाजवळ निंबाखाली गाड्या लावायच्या, बॉनेट उघडायचे आणि चहा पीत एकमेकांच्या गाड्यांची अब्रू काढायची, एवढाच कार्यक्रम. कापसाच्या जिनिंगचे मालक असलेले शेठ, तापखोकल्याचे एक डॉक्टर, साठी ओलांडलेले वकीलसाहेब आणि विम्याचं काम करणारा मी. माझी गाडी तिसऱ्या हाताची होती.

गॅलनमागे किती मैल पडतात हे सांगताना प्रत्येक जण खोटं बोलायचा. शेठचा आकडा खरा धरला, तर त्यांची गाडी नागपूरहून येताना पेट्रोल वाढवून आणत असली पाहिजे. मी हिशेब करून खरा आकडा सांगायचो, त्यामुळे माझी गाडी सर्वांत टाकाऊ ठरली होती.

नियम मात्र एक होता आणि तो सगळे पाळत. शिव्या गाडीला द्यायच्या, मालकाला नाही. शेठ क्लचवर पाय ठेवूनच गाडी चालवायचे. आम्ही म्हणायचो, क्लच नाजूक आहे. डॉक्टर पाणी घालायला विसरायचे. आम्ही म्हणायचो, इंजिन तापट आहे. या नियमामुळे चारही मूर्खांची मैत्री टिकून होती.

त्या वर्षी वकीलसाहेबांची गाडी धडकू लागली. आधी कोर्टाच्या फाटकाला, मग एका बैलगाडीच्या चाकाला, मग स्वतःच्याच कुंपणाला.

"वकीलसाहेब, तुमच्या गाडीचा डाव्या बाजूच्या बैलावर जीव जडला का?" शेठ विचारायचे.

"स्टिअरिंग ओढून राह्यलं," डॉक्टर गंभीरपणे म्हणायचे. "ही गाडी आता फिर्यादीच्या बाजूनं फुटली."

वकीलसाहेब खदखदून हसायचे. पण माणूस वकील. तीन साक्षीदार एकच सांगतात म्हटल्यावर त्यांनी ते खरं धरलं आणि गाडी नागपूरला नेऊन स्टिअरिंगचे सगळे सांधे बदलून आणले. पुढच्या रविवारी मोठ्या ऐटीत पंपात वळले आणि डावा मडगार्ड पाण्याच्या पिंपाला घासत आत आले.

"घ्या! सांधे नवे, पण वळण जुनंच!" शेठ मांडी थोपटत ओरडले.

आम्ही पोट धरून हसलो. वकीलसाहेबही हसले. रुमालाने मडगार्ड पुसत म्हणाले, "या नागपूरवाल्याले सोडत नाही मी. बरं, पुढच्या रविवारी मी नाही. बायको अन् दोन्ही नातींना घेऊन केळापूरले जातो, देवीच्या दर्शनाले."

माझा चहा तिथेच थांबला. विम्याच्या कामामुळे ठोकलेल्या गाड्या पाहायची मला सवय होती. मी त्यांच्या गाडीभोवती एक चक्कर मारली. पोचे सगळे डावीकडे. उजवी बाजू कोरी करकरीत.

डॉक्टरांना बाजूला घेऊन म्हटलं, "हे स्टिअरिंग नाही. डोळा आहे."

"मले कायले सांगतो? मी तापाचा डॉक्टर."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"अरे, गाडीची मस्करी करता येते. माणसाले आंधळा म्हणता येते का? नियम काय आहे आपला?"

नियम छान होता. त्या नियमाच्या भरवशावर आता दोन पोरी मागच्या सीटवर बसणार होत्या. मी परत आलो आणि म्हटलं, "वकीलसाहेब, गाडी ठीक आहे. तुम्हाला डाव्या डोळ्यानं दिसत नाही."

शेठचा हात मांडीवरच राहिला.

"पुरावा?" वकीलसाहेबांनी विचारलं. आवाज कोर्टातला.

"उजवा डोळा झाका अन् समोरची पाटी वाचा."

त्यांनी तळहाताने उजवा डोळा झाकला, मान ताठ केली आणि खणखणीत वाचलं, "हवा व पाणी मोफत."

पाटीवर रोज तेच असायचं. त्या दिवशी पंपवाल्याने खडूने मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं होतं, यंत्र बिघडले, हवा मिळणार नाही.

कोणी हसलं नाही. त्यावरून त्यांना निकाल कळला. हात खाली करून त्यांनी पाटी पाहिली, किल्ली खिशात घातली आणि गाडी तिथेच ठेवून पायी निघून गेले. शेठ मला म्हणाले, "काहून बे, तोंडाले कुलूप नाही का तुझ्या?" तोपर्यंत आम्ही सगळे थोर मित्र होतो, आता मी एकटा दुष्ट झालो.

शनिवारी संध्याकाळी वकीलसाहेब माझ्या दारात उभे. आत या म्हटलं तर आले नाहीत. "उद्या माझी गाडी तू चालव," म्हणाले आणि किल्ली माझ्या हातात टाकली.

केळापूरपर्यंत ते माझ्या शेजारी बसून मला सोलत होते. "गिअर टाकून राह्यला का दळण दळून राह्यला?" "अरे, म्हैसच वाट देऊन राह्यली, तू काहून थांबतो?" "एका डोळ्यानं पाह्यलं तरी समजते, तुले लायसन कोणी दिलं ते!" मागे नाती खिदळत होत्या. वहिनी मात्र खिडकीबाहेर पाहत होत्या. त्यांना सगळं आधीपासून ठाऊक असावं.

देवळाच्या पायऱ्या चढताना वकीलसाहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. राग गेला, असं वाटून मला बरं वाटलं. मग त्यांचा पाय एका पायरीवर चुकला आणि तो हात कशासाठी होता ते मला समजलं.

दर्शन झाल्यावर खाली बसून जोडे घालताना ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "नागपूरच्या डोळ्याच्या डॉक्टरकडे जाऊ या आठवड्यात. पण गाडी चालवाले दुसरा कोणी पाह्य."