मूठभर स्वच्छ गहू

हसायचं तर हसा, पण चहा गार होऊ देऊ नका. माझ्या पोरीला नको ते कोण चारतंय, याचा मी दोन महिने कळव्याच्या अख्ख्या चाळीत तपास केलेला!

पिंकी तेव्हा तीन वर्षांची. सारखे जुलाब, पोट फुगलेलं, हातपाय काड्या. ठाण्याच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या. म्हणाले, "गहू बंद. कणसुद्धा नको. आधी कधीतरी पोटात एखादा जंतू गेला असेल, त्यानं सुरुवात करून दिली असेल. नक्की सांगता येत नाही. पण आता पोटात गहू गेला की हिचं शरीर स्वतःच्याच आतड्यावर उठतं."

एवढ्या बोलण्यातला जंतू तेवढा मी घट्ट धरला. सातवीपर्यंत शिकलेली ना मी! पुस्तकात जंतूंचा धडा होता, आतड्यावर उठणाऱ्या शरीराचा नव्हता.

मग काय! पाणी उकळलं, चमचे उकळले, बाहुली उकळली. तिचा एक डोळा पातेल्यातच राहिला. घरात चपाती बंद, पिंकीला फक्त तांदळाची भाकरी.

तरी वजनाचा काटा हलेना. संशय गेला शेजारच्या आगरी बायजाकाकूंवर. पिंकी दिवसभर त्यांच्याच ओट्यावर असायची.

"काकू, खरं सांगा, बिस्किट देता ना तिला?"

"मी कशाला देऊ गो? तुजे भीतीनं माजे नातवाला पन लपवून देतंय!"

मी बोलणंच टाकलं. पिंकीला घरात कोंडलं. वजन आणखी उतरलं! डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर ॲडमिट करावं लागेल.

"पीठ कुठून आणता?"

"गिरणीतून. पण एकदम स्वच्छ हां! लोकांचं काय काय दळलेलं असतं. म्हणून आधी घरात उरलेला गहू घालायला लावते. मूठभरच, पण धुतलेला, उन्हात वाळवलेला. ते पीठ वेगळं काढते. गिरणी आतून साफ झाली की मगच पिंकीचे तांदूळ."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "दर वेळी?"

"एकदाही चुकले नाही!"

मी हे अभिमानानं सांगितलं, बरं का.

संध्याकाळी मान खाली घालून काकूंच्या दारात. गिरणीत चिकटून राहिलेलं माझंच गव्हाचं पीठ पिंकीच्या तांदळात येत होतं, हे ऐकून त्या एवढ्या हसल्या की खाली बसल्या. "म्हंजे चोर तुजेच पिशवीत व्हता!"

मग त्यांनी माशांच्या टोपलीमागून घरचं जातं ओढलं. त्यात जन्मात तांदळाशिवाय काही पडलेलं नव्हतं. पुढे पिंकी भरली ती त्याच पिठावर. पण त्या दिवशी मी आपली उभी, जात्याकडे बघत.

काकूंनी कमरेवर हात ठेवले.

"काय गो, आता जातं पन उकलत्या पान्यात घालू?"