इथं कमी पडलं

बंधू कुठल्याही वस्तूवरून आधी अंगठ्याचं नख फिरवायचे. टेबलाच्या कडेवरून, नव्या बाकाच्या पॉलिशवरून, लग्नाच्या पत्रिकेवरूनसुद्धा. नख मध्येच थांबायचं, मान एका बाजूला कलायची, आणि मग ते म्हणायचे, "इथं कमी पडलं."

त्यांचं नाव लिहीत नाही. असा माणूस तुमच्याही ओळखीत असेल, त्याचं नाव घाला. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, सगळे त्यांना बंधूच म्हणायचे. बेंगळुरूत आमची मराठी ख्रिस्ती घरं पंचवीसेक. कुणाचा आजा नगरकडून पलटणीबरोबर इकडं आला, कुणाचा बाप कारखान्यात लागला. माझा बाप कारखान्यात लागला, आणि चौथीनंतर शाळा सुटल्यावर पुढं मीही तिथंच वेल्डर झालो. बंधू त्याच खात्यात इन्स्पेक्टर. मी जोड मारायचा, त्यांनी नख फिरवायचं, खडूनं फुली मारायची.

एकदा मी चिडून म्हणालो, "साहेब, नखाला काय कळतं? मशीन लावून बघा."

त्यांनी मशीन लावलं. नख थांबलं होतं बरोबर तिथंच आत भेग निघाली. तेव्हापासून मी त्या नखाला मानायला लागलो. खोटं कशाला सांगू.

रविवारी उपासनेनंतर ते आमच्या घरी यायचे. आम्ही मल्लेश्वरमच्या मागच्या गल्लीत राहायचो, अजून तिथंच आहे. चहाचा एक घोट घेतला की म्हणायचे, "अक्का, साखर कमी पडली."

माझी बायको म्हणायची, "बंधू, तुम्हाला साखर बंद केलीय ना?"

"मला बंद आहे. चहाला कुठं बंद आहे?"

ती हसायची आणि अर्धा चमचा घालायची. माझ्यावर ती इतकी कधी हसली नाही.

मग तिच्या छातीत गाठ आली.

मी म्हणालो, डॉक्टरकडं जाऊ. ती म्हणाली, आधी बंधूंना प्रार्थना करू दे. ते आले, तिच्या कपाळाला तेल लावलं, डोक्यावर हात ठेवून बराच वेळ प्रार्थना केली. डोळे उघडून म्हणाले, "झालं, अक्का. प्रभूनं काढून टाकली. आता संशय धरायचा नाही." त्या संध्याकाळी तिनं गोड केलं. मीही खाल्लं. ज्या माणसाला लोखंडाच्या आतली भेग कळते त्याला हे कळत नसेल?

सात महिने गेले. आठव्या महिन्यात ती उभी राहीना तेव्हा मी उचलून नेली. डॉक्टरीणबाई माझ्यावर ओरडली, "आधी का नाही आणलं?" तिथून पुढं तिला फार दिवस मिळाले नाहीत.

कबरस्तानात माती टाकायची माझी पाळी होती. मूठ भरली होती. मागं बंधू कुणाला तरी सांगत होते, हळू आवाजात, पण मला ऐकू आलं. "देवानं हात पुढं केला होता हो. अक्कांचा विश्वास कमी पडला."

ती मूठ मला त्यांच्या तोंडात कोंबायची होती. मी ती बायकोच्या पेटीवर टाकली आणि घरी आलो.

वर्षभर देवळात पाय ठेवला नाही. रोज उठलो की एकच काम, ते वाक्य चघळायचं. बायकोनं चाळीस वर्षं एक प्रार्थना चुकवली नाही. त्या बाईला याने फुली मारली, तीही ती उत्तर द्यायला नसताना. मी ठरवलं, ज्या तोंडानं हे बोलला त्याच तोंडानं सगळ्यांसमोर परत घ्यायला लावीन.

संधी मिळाली ती आत्मिक शिबिराची. देवनहळ्ळीपुढं एका जुन्या द्राक्षबागेत मंडळी दरवर्षी जाते, शुक्रवार ते रविवार. मी नाव दिलं तर सगळे खूश. आमचे पाळक, म्हणजे पास्टर, तरुण आहेत, पुण्याकडचे. माझा हात धरून म्हणाले, "अंकल, खूप छान वाटलं. तुम्हाला या ब्रेकची गरजच होती."

म्हणालो, "सरी." इकडं बरंला सरी म्हणतात.

मला कुठला ब्रेक? माझा डोळा रविवार सकाळवर होता. तिथं काय होतं ते सांगतो. प्रभूच्या आठवणीनं एकाच भाकरीचा तुकडा सगळे घेतात, ते प्रभुभोजन; ते होईपर्यंत कुणी पाण्याशिवाय काही घेत नाही. भाकर मोडण्याआधी मंडळीतला सगळ्यात जुना माणूस उभा राहून विचारतो, "कुणाच्या मनात कुणाविषयी काही आहे का?" मनात असेल तर आधी समेट करायचा, मग भाकर. तोवर भाकर मोडायची नाही, कुणालाच द्यायची नाही, असा नियम. माझ्या आयुष्यात कुणी उत्तर दिलेलं मी पाहिलं नाही. सगळे माना खाली घालतात, मनात दहा आकडे मोजून होतात, जुना माणूस म्हणतो, "स्तुती असो," आणि भाकर मोडतात. आणि आता सगळ्यात जुना माणूस म्हणजे बंधू.

शनिवार प्रवचनांत गेला. डोक्यावरून दर थोड्या वेळानं विमान जायचं, पाळक थांबायचे, आम्ही विमानाला आमेन म्हणायचो. जेवताना बंधू ताट घेऊन माझ्यासमोर आले. वाळले होते. म्हणाले, "अण्णा, सारात मीठ कमी पडलंय का हो?" मी माझं ताट उचललं आणि दुसऱ्या पंगतीला जाऊन बसलो.

रविवारी सकाळी हॉलच्या दारातून उप्पिटाचा वास येत होता. भाकर पांढऱ्या फडक्याखाली. बंधू उठले, चष्मा पुसला.

"कुणाच्या मनात कुणाविषयी काही आहे का?"

"आहे," मी म्हणालो.

कुणाला कळेना पुढं काय करायचं. त्याची सवयच नव्हती. पाळक म्हणाले, "अंकल, आपण नंतर पर्सनली बसून बोलूया का?"

"नियम काय आहे? आत्ताच बोलायचं. माझ्या मनात बंधूंविषयी आहे."

बंधूंनी हात जोडले. "अण्णा, माझं काही चुकलं असेल तर मला क्षमा करा."

"'असेल तर' काढा."

"बरं. चुकलं. क्षमा करा."

"काय चुकलं?"

मागून एक अक्का म्हणाल्या, "सोडा ना हो अण्णा, पोरं उपाशी आहेत."

"मी पण उपाशीच आहे. कबरस्तानात काय बोललात ते बोला, बंधू. मोठ्यानं बोला. तेव्हा हळू बोलला होतात."

त्यांनी टेबलाची कड धरली. नख वगैरे काही नाही, नुसती धरली. म्हणाले, "मी बोललो, अक्कांचा विश्वास कमी पडला. ते खोटं आहे. अक्का तिसऱ्या महिन्यात माझ्या घरी आल्या होत्या. म्हणाल्या, गाठ वाढलीय, ह्यांना सांगू का? मी म्हणालो, नका सांगू, ते डॉक्टरकडं नेतील, बरं होणं अर्ध्यात थांबेल. त्या सरी म्हणून गेल्या. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं माझं. विश्वास पुरेपूर होता. तो माझ्यावर ठेवला, एवढंच."

हे मला माहीत नव्हतं.

मला हवं होतं ते वाक्य मिळालं. पण त्याच्यामागून जे आलं, त्यानं पहिल्याची चवच गेली. ती चार महिने माझ्या शेजारी झोपली, जेवण वाढलं, आणि मला सांगितलं नाही. का, तर याने सांगितलं होतं. मला वाटलं होतं, आज मोकळा होईन. उलट राग दुप्पट झाला.

पाळक हळूच म्हणाले, "अंकल, झालं का आता? मिटलं?"

"त्यांचं बोलून झालं," मी म्हणालो. "तुम्ही भाकर मोडा. मला नको."

नियमाचं काय ते त्यांनी पाहून घेतलं. पोरं रडायला लागली होती. भाकर मोडली. बंधूंनीही घेतली नाही. हॉलमध्ये आम्ही दोघंच तसे बसलो, मध्ये सहा खुर्च्या.

त्यानंतर ते मल्लेश्वरम सोडून मुलीकडं गेले, इलेक्ट्रॉनिक सिटीत, अकराव्या मजल्यावर. पाय गेले होते. तिथून दर रविवारी फोन यायचा.

"अण्णा, एकदा येऊन जा. मला येता येत नाही."

"बघू."

"सगळं आधी मिटवू. मग पाळकांना इथं बोलावतो, दोघं मिळून भाकर घेऊ."

"बघू म्हटलं ना."

मी जाणार होतो. हे कुणाला सांगितलेलं नाही, इथं लिहितो. माझी बायको सात महिने वाट बघत बसली, तर यालाही सात महिने बसू दे, असं धरून होतो. आठव्या महिन्यात मेट्रो पकडून जायचं, समोर बसायचं, बोलायचं का नाही ते तिथं ठरवायचं. ते दर आठवड्याला विचारायचे आणि मी दर आठवड्याला बघू म्हणायचो. फोन ठेवताना बरं वाटायचं. खरंच बरं वाटायचं.

पाचव्या महिन्यात मुलीचा फोन आला. दफनाला मी गेलो नाही.

आता मी परत देवळात जातो, आणि भाकरीआधीचा तो प्रश्न पाळक विचारतात. विचारताना त्यांची नजर माझ्या बाकाकडं येते, मंडळीचीही येते. मी तोंड उघडत नाही. आहे म्हणायचं, तर समेट कुणाशी करू? नाही म्हणवत नाही. दहा आकडे होतात. मग भाकरीची थाळी फिरत फिरत माझ्यापाशी येते, मी ती दोन्ही हातांनी धरतो, आणि शेजारच्याकडं देतो.