भिंतीपलीकडचं तर्कशास्त्र

नशिराबादच्या चुडामणभाऊंची सुनंदा १९५३ साली जळगावच्या एका खासगी कॉलेजात इंटर आर्ट्सला होती. बापानं मॅट्रिकनंतर दोनच वर्षं दिली होती. इंटर झाली तर बी.ए.चं बघू, नाहीतर स्थळं बघू. दिवाळीपर्यंत तिच्या वर्गात दोन मुली होत्या. मग मंदा लग्न होऊन पाचोऱ्याला गेली आणि सुनंदा एकटी उरली.

कॉलेजची शिस्त अशी, की मुलींनी लेडीज रूममध्ये थांबायचं. सर दाराशी येऊन खाकरत, मुली त्यांच्या मागून वर्गात जात आणि तास संपला की मागूनच परत येत. व्हरांड्यात मुलगी एकटी दिसली, तर ती बातमी तिच्याच एस.टी.तून संध्याकाळी गावी पोचे.

बाकीचे सर वयस्कर होते, ते खाकरत राहिले. तर्कशास्त्राचे नवे सर मात्र तरुण आणि बिनलग्नाचे. सुनंदाला एकटीला घेऊन ते पहिल्यांदा वर्गात शिरले, तेव्हा मागच्या बाकावरून कोणीतरी "वरात आली" म्हणालं. दुसऱ्या दिवसापासून सर पलीकडच्या जिन्यानं थेट वर्गात येऊ लागले.

लेडीज रूम आणि वर्ग यांच्यामध्ये एकच भिंत, तीही पातळ. हजेरीत आपला नंबर पुकारलेला सुनंदाला स्वच्छ ऐकू येई. थोडी शांतता, मग पुढचा नंबर. सर्व माणसं मर्त्य आहेत, हे तिला भिंतीतूनच कळलं. तिनं वही भरली. शिपाई कौतिककडून एकदा आठवण करून पाहिली, तर सर "हो, हो" म्हणाले. प्रिन्सिपॉलांकडे जावं, तर परक्या पुरुषाचं नाव घेऊन तक्रार करायची, आणि लोक त्या नावाला आपलं नाव जोडणार. शिवाय तिला वाटे, येतील. शिकलेला माणूस आहे.

फेब्रुवारीत यादी लागली. तर्कशास्त्रात हजेरी कमी, टर्म नामंजूर, परीक्षेला बसता येणार नाही.

प्रिन्सिपॉल भले गृहस्थ होते. त्यांनी तिची वही शेवटपर्यंत चाळली.

"रोज कॉलेजात होतीस?"

"हो सर."

"मग वर्गात का गेली नाहीस?"

"न्यायला कोणी आलं नाही."

"अगं, स्वतःहून जायचं."

त्यांच्या मागे मुलींसाठीच्या नियमांचा बोर्ड होता, खाली त्यांचीच सही. त्यांनी वळून तो वाचला. मग म्हणाले, की हजेरीचा आणि हा, दोन्ही नियम बरोबर आहेत, त्याला इलाज नाही.

चुडामणभाऊ आले. ते चिडतील असं तिला वाटलं होतं, पण सगळं ऐकून ते ताठ बसले. "वर्ष गेलं त जाऊ द्या," ते क्लार्कला म्हणाले, "पन माही पोर एकली फिरली नही." त्या खुशीत ते कदाचित पाघळलेही असते. सुनंदा तेवढ्यात म्हणाली, "आबा, आणखी एक वर्ष द्या. आता मी आपली आपण जाईन वर्गात."

चुडामणभाऊंनी दाखला मागितला.

ही गोष्ट स्थळांपर्यंत तिच्याआधी पोचली. धुळ्याच्या कचेरीत असलेल्या लीलाधरच्या आईनं, बेबाबाईंनी, मग दुसरी मुलगी पाहिलीच नाही. वैशाखात लग्न झालं.

घरी येईल त्याला बेबाबाई सुनेची शिस्त सांगत. सांगता सांगता पाच वर्षांत त्यांच्या गोष्टीत ते सर दोनदा माफी मागून गेले होते. सुनंदानं कधी दुरुस्ती केली नाही. १९५९ साली धाकटी नणंद लता धुळ्यातच कॉलेजात जायला निघाली, तेव्हा बेबाबाईंनी तिला बसवून सगळं पुन्हा ऐकवलं आणि वहिनीसारखी राहा म्हणून बजावलं.

लता स्वयंपाकघरात आली. सुनंदा भाकरी थापत होती.

"वहिनी, तुम्ही त्या खोलीत बसून काय करायच्या हो?"

"हजेरी द्यायचे," सुनंदा म्हणाली. "नंबर पुकारला की हजर म्हणायचे. हळूच."