राहीबाईंची ओटी विमानाने निघाली

मलकापुरात कुणाची ओटी भरायची असली की राहीबाईंना बोलावणं जातं. त्यांचा हात सढळ, पण नजर कडक. खोबऱ्याच्या वाटीच्या कडेचा जरा टवका उडालेला दिसला तरी ती वाटी वाण्याकडे परत जाते. "बाळाच्या आईला अखंड द्यावं. फुटकं घालत्यात व्हय ओटीत?" यावर कुणी वाद घालत नाही.

यंदा ओटी त्यांच्या नातीचीच होती. सृष्टीचा नवरा जयराज सैन्यात, बदली दिल्लीला. सातव्या महिन्यात डॉक्टरांनी तिला प्रवास करू नको म्हणून सांगितलं. मग ओटीच तिच्याकडे न्यायची ठरली. राहीबाई पहिल्यांदाच विमानात बसणार होत्या. सोबतीला यजमान, निवृत्त सुभेदार सयाजीराव.

पुण्याच्या विमानतळावर बॅग तपासणीत अडली. तिथली मुलगी रेश्मा, लोणंदची निघाली. तिने तांदूळ, हळकुंडं, सुपाऱ्या बाजूला केल्या आणि खोबऱ्याच्या पाचही वाट्या बाहेर काढल्या.

"आजी, अख्ख्या वाट्या नाही जाणार."

"का गं? खोबरं हाय, बाँब न्हाई!"

"आगं, त्यो शब्द हितं काढू नगंस!" सयाजीरावांनी घाईघाईने त्यांचा दंड धरला.

मागच्या रांगेला तेवढाच विषय मिळाला.

"आमचं गेल्या खेपेला गेलं की!" एक गृहस्थ म्हणाले.

"आमचं गणपतीत काढून घेतलं," एक बाई म्हणाल्या. "जाल तिथं नियम वेगळा. एकदा काय ते ठरवा म्हणावं."

रेश्माने सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग राहीबाईंनाच म्हणाली, "आजी, खोबऱ्यात तेल असतं. सामानाच्या कप्प्यात पेटलं, तर वर आभाळात विझवायला कोण जाणार?"

राहीबाई विचारात पडल्या. "त्ये बी खरं. चुलीत तुकडा पडला तर केवढा भडका हुतो. पर मग पोरीची ओटी बिनखोबऱ्याची भरू?"

रेश्मा साहेबांना विचारून आली. "बंदी अख्ख्या वाट्यांना आहे. बारीक तुकडे केले तर चालतील."

राहीबाईंनी एक वाटी हातात घेतली, कडेवरून बोट फिरवलं. रांग थांबली होती. मग त्यांनी पिशवीतून पंचा काढला, पाचही वाट्या त्यात बांधल्या आणि गाठोडं नवऱ्याच्या पुढ्यात ठेवलं.

"हाणा."

"कशानं? सुरी न्हाई, अडकित्ता न्हाई."

"बूट हाय न्हवं पायात? मागनं पंचा धुवून घीन मी."

सुभेदारांनी कोपऱ्यात जाऊन टाच हाणली. कडाड आवाज झाला तसा बंदूकवाला जवान धावत आला. "क्या हो रहा है?"

सयाजीराव ताठ उभे राहिले. "खोबरा फोड रहे है, साब!"

जवान हसला, रेश्मा हसली, रांगही हसली. तुकडे पुन्हा यंत्रातून गेले आणि विमानात चढले.

दुसऱ्या दिवशी दिल्लीच्या क्वार्टरमध्ये सृष्टीने पाटावर बसून पदर पसरला. राहीबाईंनी कुंकू लावलं, तांदूळ घातले, मग जरा कचरत ओंजळभर तुकडे.

"फुटकं हाय गं बाई. अखंड न्हाई आणता आलं."

सृष्टीने पदरातला एक तुकडा उचलून थेट तोंडात टाकला. "आजी, मला पंधरा दिवस खोबऱ्याचेच डोहाळे लागलेत!"

"आगं, ओटी भरून तरी हुंदे!" म्हणत राहीबाईंनी चापट मारायला हात उगारला. आणि त्याच हाताने दुसरा तुकडा नातीच्या तोंडात घातला.