रिकाम्या जागा भरणारा दिगू

दिगंबर सावंत गेला, हे मला मी शिकवते त्या मुलुंडच्या कॉलेजात शिपायाने आणून दिलेल्या पत्रकावरून कळलं. कावीळ झाली होती, वय चौतीस. खाली विद्यापीठातल्या शोकसभेची वेळ, आणि अध्यक्ष म्हणून आमच्या सरांचं नाव. ते नाव वाचून रडू यायच्या आधी मला किळस आली. आज महिना झाला, ती अजून गेलेली नाही.

एम.एस्सी. झाल्यावर मी आणि दिगू एकाच सरांकडे पीएच.डी.ला लागलो. दिगू कांदिवलीचा, वडील गिरणीत. त्याला शेअरच्या भावांचे चढउतार गणितात मांडायचे होते. उद्याचा भाव कुणालाच सांगता येत नाही, पण तो किती हेलकावे खाईल याचा अंदाज बांधता येतो आणि त्यावरून पुढच्या सौद्याची वाजवी किंमत काढता येते, हे समजावताना त्याचा चहा गार होऊन जायचा. सर हसायचे. "सावंत, हे विद्यापीठ आहे, सट्टाबाजार नाही." सरांच्या घरचं दळण, मुलीची शिकवणी, गॅसचा नंबर लावणं मात्र सावंतकडेच. गाईड म्हटला की हे आलंच, असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो. एकदा त्याची आई माझ्यासमोरच म्हणाली, "तुझ्या मास्तराक हात नाय काय रे?" आम्ही दोघं खूप हसलो होतो...

प्रबंध तेव्हा अंधेरीच्या फर्नांडिसबाईंकडे टाइप व्हायचे. मशीनवर ग्रीक अक्षरं नसत, म्हणून बाई चिन्हांच्या जागा मोकळ्या सोडत आणि त्या नंतर हाताने भराव्या लागत. दिगूचं अक्षर देखणं, त्यामुळे अख्ख्या विभागाचे कागद त्याच्या गळ्यात. त्याचा सिग्मा मी शंभरात ओळखेन, शेपटी जराशी वर उडालेली. एके दिवशी सरांनी स्वतःचा लेख भरायला दिला, परदेशी नियतकालिकाला पाठवायचा होता. तिसऱ्या पानावर दिगू थांबला आणि कागद माझ्याकडे सरकवला. ती त्याचीच मांडणी होती, सहा महिन्यांपूर्वी सरांना तपासायला दिलेली. वर नाव एकट्या सरांचं. आणि चोरी केली ती केली, ती सजवायलाही त्यालाच दिली! यात लपवण्यासारखं काही आहे असं त्या माणसाला वाटलंच नव्हतं.

"अरे, जाऊन बोल ना त्यांच्याशी," मी म्हटलं.

"तू येशील बरोबर?"

माझी तोंडी परीक्षा पुढच्या महिन्यात होती. मी तो कागद परत त्याच्याकडे सरकवला. त्याने क्षणभर वाट पाहिली, मग पेन उघडलं आणि शेवटच्या पानापर्यंत सगळं भरलं, एकही चूक न करता.

"कशाला भरतोयस यार?"

"रिकाम्या जागा बघवत नाहीत गं."

त्यानंतर तो विभागात आला नाही. मरोळच्या एका कारखान्यात माल तपासायच्या नोकरीला लागला. त्याचा प्रबंध तसाच राहिला, आणि सरांच्या लेखाचं कौतुक झालं.

शोकसभेत सर म्हणाले, "सावंतला या विषयाची गोडी मीच लावली." लोकांनी माना डोलावल्या. त्याची आई पहिल्या रांगेत हात जोडून ऐकत होती. मी तिसऱ्या रांगेत होते, उठले नाही. बाहेर पडताना सरांनी विचारलं, "काय, बरं चाललंय ना?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "हो सर, तुमच्या कृपेने." घरी येऊन मी चूळ भरली. पुन्हा भरली. कसली जातेय ती चव!

काल माझा प्रबंध कपाटातून काढला. पानापानावर दिगूचे सिग्मा, शेपट्या वर उडालेल्या, शाई अजून काळीभोर. सुरुवातीला ऋणनिर्देश आहे. त्यात सरांना पाऊण पान, फर्नांडिसबाईंना एक ओळ. दिगूचं नाव नाही. ते गाळायला मला कुणीही सांगितलं नव्हतं.