अकरातलं एक नाव

मोंतार्साल गावात मतदानाला एकच यादी असते, अकरा नावांची. ज्याला जो नको, त्याचं नाव पडद्याआड खोडायचं आणि चिठ्ठी पेटीत टाकायची. बाहेर आल्यावर मात्र सगळे एकमेकांच्या गालाला गाल लावतात. अशी ही भली माणसं!

अन्सेल्म विदालाँ बत्तीस वर्षं पंचायतीत होता. बर्फ पडला की स्वतःचा ट्रॅक्टर काढायचा, तुंबलेली गटारं उपसायचा, आणि कुणाच्या शोषखड्ड्याचं पाणी ओढ्यात जातं तेही दारात जाऊन सुनावायचा. पहिल्या दोन गोष्टी गाव विसरलं, तिसरी नाही. म्हाताऱ्या सरपंच रेजिनबाई पायउतार होत होत्या. त्यांचा सरपंचपदाचा तिरंगी पट्टा यंदा आपल्याच छातीवर येणार, म्हणून अन्सेल्मने नवा कोट घेतला होता.

मोजणी गावासमोर होते. चिठ्ठ्या वाचायचा मान दरवेळी त्याचाच, कारण आवाज खणखणीत. बासष्ट चिठ्ठ्या होत्या. न खोडलेलं नाव म्हणजे एक मत; निवडून यायला निम्म्याहून जास्त, म्हणजे बत्तीस मतं हवी होती.

पाचव्या चिठ्ठीवर त्याचं नाव खोडलेलं होतं. त्याने उरलेली दहा नावं वाचली. सातवीवरही तेच. हिरवी शाई पोस्टातल्या मारीझची. कागद फाटेस्तोवर ओढलेली रेघ ऑक्ताव्हची. जानेवारीत याच ऑक्ताव्हच्या बायकोला दवाखान्यात नेता यावं म्हणून अन्सेल्मने एकट्याने रस्ता मोकळा केला होता.

"जरा मोठ्यानं वाच की," ऑक्ताव्ह मागून ओरडला. "एरवी तर ओढ्यापलीकडं ऐकू येतं!"

लोक खिदळले. हरामखोर सगळे.

एकच चिठ्ठी उरली तेव्हा त्याची एकतीस मतं झाली होती. त्याने ती उलगडली. त्याच्या नावावर जांभळ्या पेन्सिलीची रेघ होती, पट्टी लावून मारलेली. तसली पेन्सिल गावात एकीचीच होती. मुरंब्याच्या बरण्यांवर साल लिहिणाऱ्या सोलांजची, त्याच्या बायकोची. ती पहिल्याच बाकावर बसली होती.

त्याने दहा नावं वाचली.

रेजिनबाईंना राहवलं नाही. "पुढच्या रविवारी दुसरी फेरी आहे, अन्सेल्म. एका मताचाच तर प्रश्न आहे."

"बत्तीस वर्षं मी एकटी जेवलेय," सोलांज सगळ्यांदेखत उठत म्हणाली. "रविवारीही खोडीन. चल आता, सूप गार होतंय."

निकालाच्या कागदावर वाचणाऱ्याची सही लागते. अन्सेल्मने ती केली. ऑक्ताव्हने अदबीने दार उघडून धरलं.