मेलेला दीर आणि दिव्यानी

सावली गावाकडच्या डोमाभाऊला हसू आवरत नसे, आणि नाटकात काम मात्र खलनायकाचं. एरवी तो शाळेतली मुलं तपासणाऱ्या डॉक्टरांची गाडी चालवायचा. धान निघालं की झाडीपट्टीच्या रात्रभर चालणाऱ्या नाटकांत वहिनीला विहिरीत ढकलणारा दुष्ट दीर व्हायचा. असा गरजायचा की मंडपातल्या बाया बसल्या जागी शिव्या घालत. झुपकेदार मिशी तेवढी खरी, बाकी माणूस निव्वळ लोणी.

त्या दिवशी गाडी शाळेपुढे थांबली, डोमाभाऊ मिशीसकट उतरला आणि अख्खी शाळा फुर्र! कोणी धानाच्या तणसीच्या ढिगात, कोणी चिंचेवर. आठवड्यापूर्वीच गावात नाटक झालं होतं. दीर मरतो तो पहाटे, शेवटच्या अंकात. तोवर पोट्टे गाढ झोपलेले. त्यांच्या लेखी हा नराधम अजून मोकाट होता, वर गाडी घेऊन आला होता!

डॉक्टर रिना मॅडमना मात्र हसू येईना. दुसरीतल्या दिव्यानीच्या छातीत त्यांना मागच्या खेपेला वेगळाच आवाज आला होता. पोर जरा धावली की ओठ निळे पडत. उद्या जिल्ह्याला हृदयाचे डॉक्टर येणार होते. आज पुन्हा ऐकून तिला तिकडे पाठवायचं होतं. आणि दिव्यानी, पळता येत नाही म्हणून, शाळेच्या स्वयंपाकखोलीला आतून कडी लावून बसलेली.

"मॅडम, मले मराच लागते," डोमाभाऊ म्हणाला.

मग काय विचारता! पटांगणात त्यानं एकट्यानंच शेवटचा अंक लावला. स्वतःच गरजला, स्वतःच माफी मागितली, धुळीत गडाबडा लोळला, तंगड्या झाडल्या आणि जीभ बाहेर काढून थंड पडला. "वन्स मोर!" चिंचेवरून आवाज आला. बिचारा पुन्हा उठला, पुन्हा मेला.

कडी वाजली. दिव्यानी दारातून डोकावली. "खरंच मेला का जी?"

"तूच ऐकून सांग," म्हणत मॅडमनी तपासायची नळी तिच्या कानांना लावली.

दिव्यानीनं ऐकलं आणि ती किंचाळली, "मेला नाई जी! धडधडून राह्यला!"

प्रेताचं पोट हसण्यानं गदगदा हलायला लागलं. तीही हसली, आणि मॅडमनी "आता तुझं ऐकू?" म्हटल्यावर आपणहून पुढे आली. आवाज तोच होता. दुसऱ्या दिवशी डोमाभाऊनंच मायलेकींना जिल्ह्याला नेलं, आणि उन्हाळ्यात ऑपरेशन झालं.

पुढच्या हिवाळ्यात तेच नाटक त्या गावात पुन्हा लागलं. पहाटे दीर मेला, बाया खूश झाल्या. तेवढ्यात मंडपाच्या पार मागून एक पोट्टी सुसाट धावत निघाली, माणसं ओलांडत रंगमंचावर चढली आणि तिनं प्रेताच्या छातीला कान लावला.

"मेला नाई जी!" ती माइकपुढे ओरडली.

मंडप हसून लोटपोट. डोमाभाऊनं एक डोळा किलकिला करून तिच्या ओठांकडे पाहिलं. एवढं धावूनही ते गुलाबी होते. मग प्रेतच ढसाढसा रडायला लागलं, आणि पडदा पाडावा लागला.